नाव ऑक्टाव्हिया लावायचं, तर गाडी शेंद्र्यात जोडा

स्कोडा ऑटोच्या पुण्यातल्या आणि चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव्हमधल्या व्यवस्थापनास खुलं पत्र

स. न. वि. वि.

17 ऑक्टोबर 2025 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, आपण ‘ऑक्टाव्हिया’ हे नाव भारतात परत आणलंत. एकूण 100 गाड्या. सगळ्या ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनाच्या, सगळ्या परदेशात पूर्ण बनून जहाजाने आलेल्या. किंमत 49 लाख 99 हजार रुपये, तीही शोरूमची. शंभरच्या शंभर विकल्या गेल्या आणि विषय संपला.

तुमचा विषय संपला. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या बऱ्याच लोकांचा नाही संपला, म्हणून हे पत्र. ते तुम्हाला लिहिलेलं असलं तरी इतरांनीही वाचावं अशी इच्छा आहे. विशेषतः ज्यांच्या दारात अजून जुनी ऑक्टाव्हिया किंवा तिचीच पुढची पिढी लॉरा उभी आहे त्यांनी, आणि ज्यांची मुलं शेंद्र्याच्या तुमच्या कारखान्याच्या गेटमधून आत जाऊन या गाड्या जोडत होती त्यांनी.

माझं चिकलठाण्यात गॅरेज आहे. तुमच्या कारखान्याकडे जाणारा जालना रोड जवळूनच जातो. 2001मध्ये तुम्ही आलात तोवर शेंद्रा म्हटलं की आम्हाला मांगीरबाबाची जत्रा आठवायची. वाळूजला बजाज होतं, रिक्षा आणि दुचाकी तिथून निघत होत्या. पण परदेशी कंपनीची मोठी चारचाकी आपल्या गावात जोडली जाते, ही गोष्ट नवी होती. त्या काळी माझ्याकडे जीप, सुमो आणि मारुती 800 यायच्या. एका पान्ह्याच्या पेटीत आणि हातोडीत सगळं भागायचं. ऑक्टाव्हिया आली आणि आम्हाला स्टार बिट घ्यावे लागले, लॅपटॉप घ्यावा लागला, त्याला जोडायची व्हॅग-कॉमची केबल शोधावी लागली. गाडीचं बॉनेट उघडण्याआधी तिला काय होतंय हे पडद्यावर वाचायचं असतं, हे या भागातल्या कितीतरी मिस्त्र्यांना याच गाडीने शिकवलं. माझा या नावाशी संबंध एवढाच आहे. मी तुमचा डीलर नाही, पुरवठादार नाही, आणि तुमच्यावर रागावून ग्राहक मंचात गेलेला माणूसही नाही.

गाडी कशी होती हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. 1.9 लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, 90 अश्वशक्ती. कागदावर आज हा आकडा कुणाला मोठा वाटणार नाही. पण तेच इंजिन घाटात तिसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढायचं आणि टाकी भरली की मुंबईला जाऊन परत यायचं. मागचं झाकण काचेसकट वर उघडायचं आणि खाली 528 लिटरची डिक्की. लांबून पाहिलं तर सेडान, सामान भरायला लागलं की टेम्पोची आठवण करून देणारी. जालन्याचे बियाणेवाले, स्टीलवाले, आमच्याकडचे डॉक्टर, कापडाचे व्यापारी, साखर कारखान्यांचे संचालक, गुत्तेदार, या सगळ्यांनी ती घेतली. 2010मध्ये या शहरातल्या लोकांनी एकदम 150 मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. मराठवाड्यात इतका पैसा आला कुठून, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारत होते. त्याआधी नऊ वर्षं या शहराला चांगल्या गाडीची चव कुणी लावली होती, हे मात्र कुणी लिहिलं नाही.

असं हे नाव. आता तक्रारी.

पहिली तक्रार जुनी आहे, पण तिचा त्रास आजही चालू आहे. हे नाव तुम्ही इथे इतक्या वेळा काढलंत आणि लावलंत की त्याचा अर्थच घसरला. 2001ला ऑक्टाव्हिया आली. 2005ला तिची दुसरी पिढी आली. जगभर तिचं नाव ऑक्टाव्हियाच होतं, पण भारतात तुम्ही तिला लॉरा म्हणालात, कारण पहिली ऑक्टाव्हिया चांगली खपत होती आणि ती बंद करायची नव्हती. व्यापार म्हणून ठीक. पण मग 2010पर्यंत एकाच शोरूममध्ये जुन्या पिढीची गाडी ऑक्टाव्हिया नावाने आणि नव्या पिढीची ऑक्टाव्हिया लॉरा नावाने शेजारी शेजारी उभी. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेत कसतोय दुसराच, तसा प्रकार. 2013ला तिसरी पिढी आली तेव्हा लॉरा हे नाव गुंडाळून ठेवलंत आणि पुन्हा ऑक्टाव्हिया लावलंत. 2021ला चौथी आली, तीही ऑक्टाव्हिया. 2023ला सगळंच बंद. 2025ला शंभर आरएस.

याने काय होतं, ते एखाद्या स्पेअर पार्टच्या दुकानात अर्धा दिवस उभं राहून बघा. गिऱ्हाईक फोन करतो, ‘‘ऑक्टाव्हियाचा पुढचा लोअर आर्म पाठवा.’’ दुकानदार विचारतो, जुनी, नवी का एकदम नवी? गिऱ्हाईक सांगतो, 2009ची. 2009ची ऑक्टाव्हिया म्हणजे पहिली पिढी. पण त्याची गाडी असते लॉरा, मधल्या कुठल्या तरी मालकाने तिच्या मागे हौसेने ऑक्टाव्हियाचं अक्षर चिकटवलेलं. पार्ट येतो, बसत नाही, परत जातो. जुन्या गाड्यांच्या बाजारात याहून गंमत. 2009ची ‘ऑक्टाव्हिया’ आणि 2009ची ‘लॉरा’ यांत लॉरा अख्ख्या एका पिढीने पुढची, पण नाव ऑक्टाव्हियाचं मोठं म्हणून नवखा माणूस जुन्या बांधणीच्या गाडीला जास्त पैसे मोजून बसतो. आम्ही गॅरेजवाले आता गाडीला नावाने ओळखतच नाही. 1यू, 1झेड, 5ई, एनएक्स, हे पहिल्या ते चौथ्या पिढीचे तुमचेच कारखान्यातले संकेत. आमच्या पोरांच्या तोंडी आज हेच आहेत. जे नाव तुम्ही आज दिमाखात परत आणलं म्हणता, त्या नावाने तुमचीच गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं काम भागत नाही.

तुमच्या आरएसचीही वंशावळ याच घोळातून जाते. 2004ला इथे ऑक्टाव्हिया आरएस आली, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल. टर्बो लावलेली पेट्रोल गाडी आमच्यातल्या बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा उघडून पाहिली. 2011ला तीच परंपरा लॉरा आरएस नावाने आली. 2017ला पुन्हा ऑक्टाव्हिया आरएस, मग 2020ला 245 अश्वशक्तीची, फक्त 200 गाड्या. आता 265ची, फक्त 100. आरएस ही अक्षरं तीच राहिली आणि दर खेपेला गाडी घेऊ शकणारी माणसं कमी होत गेली.

दुसरी तक्रार मुख्य आहे. ही गाडी इथे जोडली का नाही?

तुमच्या बाजूचं म्हणणं मला माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. एप्रिल 2023पासून बीएस सिक्स या धुराच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला. गाडी रस्त्यावर चालत असताना धूर किती सोडते हे मोजायचं आलं आणि कमी खपणाऱ्या गाडीसाठी तो सगळा खर्च परवडत नव्हता. लोक सेडान सोडून उंच गाड्यांकडे, म्हणजे एसयूव्हींकडे गेले, हेही खरं. माझ्याकडे ज्यांची ऑक्टाव्हिया सर्व्हिसिंगला यायची त्यांच्यातले निम्मे आज उंच गाडीत बसून येतात आणि गुडघे दुखतात म्हणून सांगतात. सुट्या भागांच्या आयातीवरच्या जकातीचा मोठा वाद मुंबई उच्च न्यायालयात आहे. त्यावर मी बोलणार नाही, ते माझं काम नव्हे.

पण हे सगळं मान्य करूनही प्रश्न उरतो. एप्रिल 2025ला तुम्ही नवी कोडिॲक ही मोठी उंच गाडी आणलीत. 2.0 लिटरचं टीएसआय पेट्रोल इंजिन, 7 गिअरचा डीएसजी हा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. ती इथेच, छत्रपती संभाजीनगरला जोडली जाते. तिच्या तळाची बांधणी आणि आजच्या ऑक्टाव्हियाची बांधणी एकाच कुळातली, एमक्यूबी इव्हो. म्हणजे शेड आहे, माणसं आहेत, हात बसलेला आहे, इंजिनाची ओळख आहे. 2021ची ऑक्टाव्हिया याच शेडमध्ये जोडलीत आणि 25 लाख 99 हजारांपासून विकलीत. 2013ची तर 14 लाखांच्या आत सुरू होत होती. आज तेच नाव 50 लाखांना. महाराष्ट्रात त्यावर रस्ता कर आहे. तो आणि विमा धरला की गाडी घरी येईपर्यंत साठ लाखांच्या घरात जाते. आरएस ही वेगळ्या जातीची गाडी, तिची तुलना साध्या ऑक्टाव्हियाशी करू नये, असं कुणी म्हणेल. मीही तेच म्हणतोय. साधी ऑक्टाव्हिया कुठे आहे?

युरोपात ही टॅक्सीवाल्याची, पोलिसांची, तीन पोरं असलेल्या घरची गाडी आहे. तिथे ती 1.5 लिटरच्या टीएसआय पेट्रोलवर मिळते. 1.5 टीएसआय इंजिन तुम्ही इथे चाकणच्या स्लाव्हिया सेडानमध्ये आणि उंच कुशाकमध्ये लावताच. जीएसटीचा नवा हिशेबही तुमच्या बाजूने झाला आहे. मोठ्या गाडीवर आधी 28 टक्के आणि वर उपकर होता, 22 सप्टेंबर 2025पासून सरळ 40 टक्के आणि उपकर नाही. स्लाव्हिया घेतलेला माणूस पाच-सात वर्षांनी एक पायरी वर चढायला निघाला, तर तुमच्याच दुकानात त्याला सेडानमध्ये पुढची पायरी नाही. तो दुसरीकडे जातो, नाहीतर कोडिॲककडे बघून ‘‘एवढी मोठी काय करायची’’ म्हणत घरी जातो. हा हिशेब मी गॅरेजवाला मांडतो आहे, तुमच्याकडे यासाठी पगारी माणसं असतील.

आणि शेंद्र्याच्या बाजूने बघा. या कारखान्याची सुरुवात ऑक्टाव्हियाने झाली. आज तिथून कोडिॲक निघते, ऑडी निघतात, आनंद आहे. पण जिच्या नावाने गेटवर पहिल्यांदा माणसं उभी राहिली, ती गाडी परत आली तेव्हा बंदरातून थेट शोरूमला गेली. जोडणीच्या रांगेत उभं राहून केस पांढरे झालेले लोक या शहरात आहेत. त्यांच्यातला एक माझ्या गॅरेजात चहा पिताना म्हणाला, ‘‘आपली गाडी पाहुणी म्हणून आली की हो.’’ त्याने हसत म्हटलं, मी लिहून ठेवलं.

तिसरी तक्रार करताना मी शब्द जपून वापरतो, कारण एखाद्या सर्व्हिस सेंटरवर बोट ठेवण्यासाठी हे पत्र नाही. प्रश्न जुन्या गाड्यांचा आहे. 2001 ते 2005मधल्या ऑक्टाव्हिया आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या. पंधरा वर्षांनंतर फिटनेस आणि फेरनोंदणी, महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर, आणि ऑगस्ट 2025पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी 10,000 रुपये. हे सगळं भरून माणूस ती गाडी ठेवतो, याचा अर्थ त्याला ती ठेवायची आहे. अशा माणसाइतकी तुमची फुकटची जाहिरात दुसरं कुणी करत नाही. त्याला हवं असतं ते साधं. कुठला पार्ट अजून बनतो, कुठला बंद झाला, बंद झाला असेल तर कुठल्या दुसऱ्या गाडीचा चालतो. पहिल्या ऑक्टाव्हियाची बांधणी त्या काळच्या गोल्फशी आणि ऑडी ए3शी जुळणारी, त्यामुळे कितीतरी भाग एकमेकांना चालतात. हे ज्ञान आज मिस्त्र्यांच्या डोक्यात आणि व्हॉट्सॲपवर फिरतं. ते तुमच्या कागदावर, कुणालाही बघता येईल असं, असायला हवं.

यात मी काही जगावेगळं मागत नाही. युरोपीय संघात कायदाच आहे की कंपनीने दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही द्यायची. तुमच्या समूहाचं त्यासाठीचं एरविन नावाचं दालन आहे. पैसे भरा आणि माहिती घ्या. इकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014मध्ये 14 मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. त्यात स्कोडाही होती. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजेत, हा त्या निकालाचा गाभा होता. पुढे अपिलं झाली, त्याचा इतिहास मोठा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यासाठी पोर्टलही काढलं. वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे दिसतं आहे. कायद्याने मान धरून द्यायला लावण्याआधी तुम्ही आपणहून दिलंत, तर ऑक्टाव्हियाच्या नावाला ते शोभेल.

चौथी गोष्ट तक्रार म्हणावी का, माहीत नाही. जुन्या नावाची किंमत न कळणारी कंपनी असती तर मी पत्रच लिहिलं नसतं. तुम्हाला ती चांगली कळते. 1895मध्ये लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी सायकली बनवायला घेतल्या, त्या सायकलींचं नाव स्लाव्हिया. सव्वाशे वर्षांनी, 2022ला, तेच नाव तुम्ही चाकणमध्ये बनणाऱ्या सेडानला दिलंत. त्याआधीची रॅपिड, तेही 1930च्या दशकातलं नाव. सुपर्ब हे 1934चं. खुद्द ऑक्टाव्हिया हे नाव 1959चं, 1971ला थांबलं आणि फोक्सवॅगन आल्यानंतर 1996ला पुन्हा उभं राहिलं. जुनी नावं उठवून त्यांना काम देण्यात तुमच्याइतकी मुरलेली कंपनी मला दुसरी दिसत नाही. आणि प्रत्येक वेळी तुम्ही त्या नावाची गाडी भरपूर बनवली, सामान्य माणसाच्या हातात दिली. 1996च्या ऑक्टाव्हियाने तर कंपनीचं नशीब पालटलं. म्हणून शंभर गाड्यांचं हे परतणं डोळ्यांत खुपतं.

छोट्या उंच गाडीचं नाव ठरवायला 2024मध्ये तुम्ही लोकांनाच विचारलंत आणि त्यातून कायलॅक हे नाव निघालं. नव्या नावासाठी लोकांना विचारता, मग जे नाव लोकांनी आधीच आपलं केलं आहे त्याचं काय करायचं, हे विचारावंसं का वाटलं नाही?

आमच्या बाजूची तुलना करायची तर चेतककडे बघा. बजाजने 2020ला चेतक परत आणली ती विजेवर चालणारी. जुन्या माणसांनी नाकं मुरडली, मीही मुरडलं. पण ती स्कूटरच राहिली, आकुर्डीशी नातं राहिलं आणि आज ती गल्लोगल्ली दिसते. इंजिन गेलं तरी माणसं तीच, बाजार तोच. तुमच्याच देशातलं जावा हे नाव 2018ला इथे परत आलं, तेही दुकानात जाऊन कुणालाही घेता येईल अशा मोटारसायकलवर. नाव परत आणण्याची रीत इथल्या लोकांना माहीत आहे. शंभरांची यादी करून नव्हे.

आता मागण्या. एका वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मावतील एवढ्याच आहेत.

2026मध्ये ऑक्टाव्हियाला भारतात 25 वर्षं पुरी होतात. कंपनीचं पंचविसावं वर्ष तुम्ही 2025मध्ये खास गाड्या काढून साजरं केलंत, ऑक्टाव्हियाचं तरी हे वर्ष कोरडं जाऊ देऊ नका. वर्ष संपायच्या आत जाहीर सांगा, साधी ऑक्टाव्हिया, 1.5 टीएसआयवाली, शेंद्र्यात जोडून विकणार आहात की नाही. ‘हो’ असेल तर कधी. ‘नाही’ असेल तर तसं स्पष्ट. ‘बाजाराचा अभ्यास चालू आहे’ हे उत्तर आम्ही बरीच वर्षं ऐकतो आहोत.

‘नाही’ असेल, तर निदान हे नाव दुसऱ्या कशाला चिकटवू नका. सप्टेंबर 2025ला म्युनिकमध्ये तुम्ही व्हिजन ओ ही नमुना गाडी दाखवलीत. पुढची ऑक्टाव्हिया विजेवरची असेल असं त्यावरून दिसतं. असू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण उद्या भारतात एखाद्या उंच गाडीचा खप वाढवायला तिच्या मागे ऑक्टाव्हिया लिहाल, तर ते इथे चालणार नाही. ऑक्टाव्हिया म्हणजे लांब, खाली बसणारी, मागचं झाकण काचेसकट उघडणारी घरची गाडी. तेवढं राहिलं पाहिजे.

जुन्या गाड्यांसाठी एक जाहीर यादी करा. 1यू, 1झेड, 5ई, एनएक्स या संकेतांप्रमाणे, नावाप्रमाणे नव्हे, आणि लॉराला तिच्या जागी धरून. कुठला भाग कुठल्या वर्षापर्यंत पुरवणार, किंमत काय, बंद झालेल्याला पर्याय काय. दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना पैसे घेऊनच द्या, फुकट नको, पण चिकलठाण्याच्या आणि जालन्याच्या गॅरेजला परवडेल अशा दरात. ज्या गाड्या भारतात वेगळ्या नावाने विकल्या त्यांची पानं त्यात असलीच पाहिजेत, नाहीतर लॉराचा मालक शोधत बसेल आणि त्याला काहीच सापडणार नाही.

शेवटची मागणी खर्चिक नाही. म्लादा बोलेस्लाव्हमध्ये तुमचं मोठं संग्रहालय आहे. शेंद्र्यात एक खोली द्या. तिथे जोडलेल्या पहिल्या पिढीची एक ऑक्टाव्हिया, एक लॉरा आणि 2023च्या आधीची शेवटची ऑक्टाव्हिया ठेवा. बाजूला भिंतीवर त्या जोडणाऱ्यांची नावं. अजिंठा-वेरूळला येणारे लोक थांबतील का, मला ठाऊक नाही. आयटीआयची पोरं नक्की येतील, आणि गाडी उघडून बघायची परवानगी दिलीत तर पुन्हा पुन्हा येतील. गाडी मिळत नसेल तर सांगा. चालू स्थितीतल्या 1यू गाड्या या शहरात अजून आहेत, मालकांशी बोलायची जबाबदारी मी घेतो.

या पत्राचं उत्तर तुम्ही इंग्रजीत द्याल, त्यात काही गैर नाही. पण एक प्रत मराठीतही काढा आणि शेंद्र्याच्या गेटवर लावा. तिथून रोज आत-बाहेर करणाऱ्यांना या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकंच हवं आहे.

कळावे,

आपला,
चिकलठाण्याचा एक गॅरेजवाला
छत्रपती संभाजीनगर